टीबी गोल्ड पॉझिटिव्ह, पण टीबी कुठाय?

(पोस्ट लांब आहे. घरात कुणाचा ‘टीबी गोल्ड’चा रिपोर्ट आला असेल, किंवा रोज सकाळी उपाशीपोटी ‘इम्युनिटी’साठी काहीतरी घोटलं जात असेल, तर वेळ काढून वाचा. भाचीला विचारून लिहितेय.)

गेल्या वर्षी जुलैत मामेभावाचा रात्री साडेदहाला फोन. “ताई, पोरीला टीबी निघालाय. रिपोर्ट पाठवलाय, बघ जरा.” पोरगी वय तेवीस, पुण्यात पेठेत खोली घेऊन राज्यसेवेची तयारी करत होती. मी आयुष्यभर कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे नात्यात कुणाच्याही रक्ताचा रिपोर्ट आला की आधी माझ्या फोनवर येतो. मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून दमले. असो.

रिपोर्ट उघडला. इंटरफेरॉन गामाचे आकडे, आणि खाली ठळक अक्षरात ‘पॉझिटिव्ह’.

“एक्स-रे काढला?”
“काढला. क्लिअर आहे म्हणाले.”
“थुंकी तपासली?”
“खोकलाच नाही तर थुंकी कुठून देणार?”
“गाठी वगैरे?”
“नाही.”
“मग टीबी कशावरून?”
“अगं, पॉझिटिव्ह लिहिलंय ना!”

वजन दोन महिन्यांत सहा किलो उतरलं होतं, संध्याकाळी अंग गरम वाटायचं, रात्री छातीत धडधडायचं. या तीन गोष्टी आणि तो एक शब्द, एवढ्यावर चार औषधांचा टीबीचा कोर्स सुरू झाला होता. मी म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. दाखवलं नाही. मीही पुन्हा फोन केला नाही, कारण आपण कोण सांगणारे, असं मलाच वाटलं. तिसऱ्या आठवड्यात पोरीला उलट्या सुरू झाल्या, डोळे पिवळे झाले, लिव्हरचे आकडे भयंकर वाढले. चार दिवस दवाखान्यात. तिथल्या वयस्कर फिजिशियननी तिला हात पुढे करायला सांगितलं, थरथरती बोटं बघितली आणि थायरॉईडची तपासणी लिहून दिली. थायरॉईड वाढलेला निघाला. वजन, धडधड, अंग गरम वाटणं, सगळ्याचा उलगडा झाला. टीबी नव्हताच.

पण तोवर पूर्वपरीक्षा हुकली होती. खोलीतल्या मुलींनी “घरी सांगितलंय, तू दुसरीकडे बघ” म्हणून हात जोडले होते. त्या मुलींना मी दोष देत नाही.

पहिल्या डॉक्टरांचं नाव लिहिणार नाही, इनबॉक्समध्येही विचारू नका. कारण ही एका माणसाची चूक नाहीये. ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दाबद्दल आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जो गोंधळ आहे त्याचं ते फळ आहे. आपण तिला पाण्याच्या टाकीसारखं समजतो. भरली असली की बरं, रिकामी झाली की आजार. मग कुणी टाकी भरायला काढा विकतो, आणि कुणी टाकीतला एक आकडा बघून आजार ठरवतो. चूक एकच आहे.

आता हा इंटरफेरॉन गामा काय प्रकार आहे ते सांगते. थोडं शिकवल्यासारखं होईल, सवय जात नाही.

इंटरफेरॉन हे नाव १९५७ चं. लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमन या दोघांना दिसलं, की विषाणूचा सामना केलेल्या पेशी असा काही पदार्थ सोडतात की दुसऱ्या विषाणूला तिथे शिरकाव करणं अवघड जातं. विषाणूच्या कामात अडथळा आणणारा, म्हणून इंटरफेरॉन. पुढे कळलं की हा एक पदार्थ नाही, कुटुंब आहे. अल्फा आणि बीटा एका घरातले, गामा निराळा. आणि हे पदार्थ स्वतः जंतूला मारत नाहीत. ते निरोप आहेत. एक पेशी सोडते, दुसरी ऐकते, आणि ऐकणारी आपलं काम बदलते. निरोप कुणी ऐकला, कधी ऐकला, समोर जंतू कुठला होता, यावर पुढचं सगळं ठरतं.

टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसात जातो. तिथे पहाऱ्यावर असलेली भक्षक पेशी त्याला गिळते. इतर बरेच जंतू इथे संपतात, कारण गिळलेली पिशवी पेशीतल्या आम्लाच्या पिशवीला मिळते आणि जंतू विरघळतो. टीबीचा जंतू ते मिळणंच अडवतो आणि गिळणाऱ्याच्या पोटात बिऱ्हाड थाटतो. मग काही आठवड्यांनी टी-पेशी येतात, जंतूची ओळख पटवतात आणि गामा सोडतात. तो निरोप मिळाला की भक्षक पेशी जागी होते, पिशव्या मिळवते, आत विषारी रसायनं तयार करते. बहुतेकांच्या शरीरात जंतू इथेच कोंडला जातो आणि माणसाला आपल्याला काही झालं होतं याचा पत्ताही लागत नाही.

टीबी गोल्डमध्ये हेच तपासतात. तुमचं रक्त टीबीच्या जंतूतल्या एक-दोन प्रथिनांच्या तुकड्यांबरोबर साधारण दिवसभर उबेत ठेवतात आणि टी-पेशींनी किती गामा सोडला ते मोजतात. सोडला, याचा अर्थ तुमच्या टी-पेशींनी हा जंतू पूर्वी पाहिलाय आणि त्यांना तो आठवतो. बस. जंतू आत्ता कोंडलेला आहे, की मेलाय, की फुप्फुस पोखरतोय, हे त्या नळीतल्या रक्ताला सांगता येत नाही. उलट, पोखरत असतानाही काही रुग्णांत ही तपासणी निगेटिव्ह येते, कारण आजाराने, कुपोषणाने किंवा एचआयव्हीने टी-पेशी थकलेल्या असतात.

आयसीएमआरने २०१९ ते २०२१ मध्ये देशभर टीबीची पाहणी केली. त्यात पंधरा वर्षांवरच्या लोकांत दहापैकी साधारण तिघांमध्ये असा संसर्ग आढळला. म्हणजे धडधाकट दहा माणसं उभी करून टीबी गोल्ड केलं तर तिघांचं पॉझिटिव्ह यायचं. त्या तिघांतल्या बहुतेकांना आयुष्यात टीबी होणार नाही. दर शंभर संसर्गितांपैकी पाच ते दहा जणांना होतो, असं धरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगून ठेवलंय की आपल्यासारख्या देशांत चालू टीबीचं निदान या तपासणीवरून करू नका. आपल्याकडच्या टीबी उपचाराच्या निकषांतही तेच आहे. तरी लॅबच्या पॅकेजमध्ये ‘टीबी गोल्ड’ असतंच, आणि नावात गोल्ड असल्यावर लोकांना ते शेवटचं प्रमाण वाटतं.

ही तपासणी फालतू आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया तसा अर्थ काढू नका. माझ्या धाकट्या बहिणीला आमवात आहे. तिला नवी इंजेक्शनं सुरू करायची होती, आणि ती इंजेक्शनं प्रतिकाराची अशी एक साखळी तोडतात जिच्यामुळे टीबीचा जंतू कोंडलेला राहतो. सांधेदुखीच्या काही नव्या गोळ्या तर इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचवणारी यंत्रणाच दाबतात. म्हणून आधी टीबी गोल्ड केलं, पॉझिटिव्ह आलं, एक्स-रे आणि बाकी तपासण्यांनी चालू टीबी नाही याची खात्री केली, प्रतिबंधक औषध दिलं, मग इंजेक्शन. तिचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह, भाचीचाही पॉझिटिव्ह. एकीचा धोका टळला, दुसरीचं लिव्हर सुजलं.

आता ‘इम्युनिटी वाढवा’वाल्यांकडे वळते.

गामाचं महत्त्व माणसात पक्कं कळलं ते १९९६ साली. माल्टामधली एकमेकांच्या नात्यातली काही मुलं आणि ट्युनिशियाचं एक बाळ, यांच्यात गामाचा निरोप ऐकणारा कानच जन्मतः खराब होता. त्या बाळाला बीसीजी दिली होती. लसीतला तो दुबळा जंतूही त्याला आवरला नाही आणि ते दगावलं. पण ऐका पुढे. अशी मुलं टीबीच्या कुळातल्या जंतूंपुढे आणि साल्मोनेलापुढे हतबल असतात, पण इतर बहुतेक जंतूंशी चांगली लढतात. त्यांची ‘इम्युनिटी कमी’ आहे का? एका विशिष्ट निरोपाची तार तुटलीये, एवढंच म्हणता येतं. (बीसीजीबद्दल कुणी घाबरू नका. अशी मुलं फार विरळा असतात आणि तान्ह्या बाळांना मेंदूच्या टीबीपासून ही लस वाचवते. मात्र घरात आधीचं बाळ बीसीजीनंतर लसीचा जंतू अंगभर पसरून गेलं असेल, तर पुढच्या बाळाला लस टोचण्याआधी डॉक्टरांना ते सांगा. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे अशा जन्मजात दोषांच्या तपासण्या होतात.)

मग गामा चांगला, तर अल्फा-बीटाही चांगलेच असणार, आणि सगळे वाढवले की मजाच? इथेच गाडी अडते.

२०१० साली लंडन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या रक्तावरचा एक अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. चालू टीबी असलेल्यांच्या रक्तात इंटरफेरॉनच्या हुकमाने चालणारी जनुकं जोरात सुरू होती, त्यात अल्फा-बीटाच्या बाजूचीही. फुप्फुसं जितकी जास्त खराब, तितका हा गलका जास्त. उपचार झाले की तो ओसरायचा. म्हणजे आजारी माणसाची ‘इम्युनिटी’ थंड पडलेली नव्हती. ती पेटलेली होती, आणि माणूस तरी खंगत होता.

कुष्ठरोगाने हे आणखी स्पष्ट दाखवलं. आनंदवनामुळे हा आजार मराठी माणसाला निदान नावाने तरी ओळखीचा आहे. एकच जंतू, पण कुणाला मोजके चट्टे आणि त्यात जंतू जेमतेम, तर कुणाच्या कातडीत जंतूंचा खच. २०१३ मध्ये ‘सायन्स’मधल्या अभ्यासात दोन्ही तऱ्हेच्या कातडीचे तुकडे तपासले. जिथे जंतू आवरले गेले होते तिथे गामाचा कारभार होता. जिथे खच होता तिथे बीटाचा. आणि प्रयोगशाळेत दिसलं की बीटा हा गामाच्या जंतुनाशक हुकमालाच खो घालतो. दोघंही इंटरफेरॉन, दोघंही ‘इम्युनिटी’. उंदरांमध्ये लिस्टेरिया नावाच्या जंतूबाबत २००४ सालीच असं दिसलं होतं, की अल्फा-बीटा ऐकू न येणारे उंदीर साध्या उंदरांपेक्षा जास्त तगतात. वर्गात हे सांगितलं की मुलं म्हणायची, “मॅडम, उलट बोललात का?”

आणि गामा तरी प्रत्येक वेळी चांगला कुठाय! फ्लू झाल्यावर आठवड्याभराने न्यूमोनिया होतो हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. १९१८ मध्ये मुंबई बंदरातून आत आलेल्या तापाने हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्या साथीत जे मेले त्यांच्यातल्या काहींच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने २००८ मध्ये पुन्हा तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. हे असं का होतं? उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की फ्लूशी लढताना फुप्फुसात जो गामा सुटतो, तोच तिथल्या भक्षक पेशींची न्यूमोकॉकसला गिळायची ताकद घटवतो. अल्फा-बीटाही मदतीला धावणाऱ्या पांढऱ्या पेशींची वाट अडवतात. विषाणूशी लढायला शरीराने दार लावून घेतलं आणि जिवाणू खिडकीतून आला. तोच गामा, ज्याच्यावाचून टीबी आवरत नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण फ्लूनंतरचा न्यूमोनिया माणसांतच बघितलाय ना आपण?

मग ‘इम्युनिटी बूस्टर’च्या डब्यावर नेमकं काय वाढवणार ते लिहिलेलं असतं का? गामा? बीटा? कुणाचा, कुठल्या दिवशी, कुठल्या जंतूविरुद्ध? नाही ना. इंटरफेरॉन खरोखर औषध म्हणून दिलं जातं. कावीळ-सी साठी कित्येक वर्षं देत होते, आणि काही जन्मजात आजारांच्या मुलांना जिवाणूंपासून वाचवायला गामाची इंजेक्शनं देतात. पण ते आजार नेमका ओळखून, मात्रा मोजून. कावीळ-सी च्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशी त्या औषधाने घटायच्या, म्हणून सारखं रक्त तपासावं लागायचं. सुंठ-तुळशीचा काढा घ्या, मीही घेते, घशाला बरं वाटतं. पण साठीच्या पुढच्या आईवडिलांना फ्लूची आणि न्यूमोकॉकसची लस द्यायची का हे डॉक्टरांना विचारायचं सोडून डबे आणू नका.

टाकी भरण्याच्या जवळपास जाणारी एक गोष्ट मात्र आहे, आणि ती डब्यात मिळत नाही. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांवर एक मोठा अभ्यास झाला, २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. निम्म्या घरांत रुग्णाच्या जोडीने घरच्यांनाही धान्य दिलं, दरमहा माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ, वर जीवनसत्त्वाच्या गोळ्या. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी झालं. गामा कुणी मोजला नाही. माणसं आजारी पडली का, एवढंच मोजलं. तांदूळ आणि डाळ! निक्षय पोषणचे महिन्याला पाचशे रुपये नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले, हे चांगलंच झालं. पण ते रुग्णाला. त्याच्या ताटाशेजारी जेवणाऱ्या बायकोचं, आईचं, पोरांचं काय? सरकारने जाहिरातीत ‘टीबीमुक्त’ लिहिण्याआधी या घरांच्या रेशनमध्ये डाळ वाढवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक डॉक्टर मित्र हे वाचून म्हणाला, “तुला बोलायला काय जातंय? फुप्फुसाबाहेरच्या टीबीत थुंकी मिळत नाही, गाठीतून सुई घालायला पेशंट तयार नसतो, आणि टीबी सुटला तर शिव्या आम्हालाच.” खरंय त्याचं. टीबी उशिरा कळून माणसं जातात हेही मी बघितलंय. पण थुंकी किंवा गाठीतलं पाणी मिळालं तर जंतूच्या जनुकावरून तो ओळखणारी तपासणी आता सरकारी दवाखान्यात फुकट होते. त्यातलं ट्रूनॅट तर आपल्या गोव्यातल्या कंपनीचं यंत्र आहे. नमुना मिळतच नसेल आणि शंका दाट असेल, तर डॉक्टरने अंदाजाने उपचार जरूर सुरू करावेत. तो अंदाज आहे हे पेशंटला सांगावं, आणि दुसरं काही असू शकतं का हे बघत राहावं. भाचीच्या हाताची बोटं पहिल्याच दिवशी थरथरत होती. कुणी बघितली नाहीत, कारण कागदावर उत्तर आलेलं होतं.

भाची आता बरी आहे. थायरॉईडची गोळी चालू आहे, वजन भरलंय, दिवाळीनंतर पुण्याला दुसऱ्या खोलीवर गेली. नव्या मैत्रिणींना तिने काहीच सांगितलेलं नाही.

तिचा रिपोर्ट ज्या लॅबचा होता तिथे मी जाऊन आले. मागणी एवढीच होती, की ‘पॉझिटिव्ह’च्या खाली त्याच आकाराच्या अक्षरांत मराठीत छापा: ‘याचा अर्थ टीबीच्या जंतूशी कधीतरी संबंध आला आहे. आज टीबीचा आजार आहे की नाही हे या तपासणीवरून ठरत नाही.’ इंग्रजीत असं काहीतरी आहे म्हणे, शेवटच्या पानावर, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा अक्षरांत. काउंटरवरच्या मुलाने ऐकून घेतलं आणि सॉफ्टवेअरमध्ये मराठीची सोय नाही म्हणाला. त्याच काउंटरवर मराठीत मोठा बोर्ड होता, ‘इम्युनिटी प्रोफाइलवर पावसाळी सवलत’. लेखी अर्ज देऊन पोच घेतलीये. येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहे, सकाळी अकरा वाजता. इथल्या कुणाला बरोबर यायचं असेल तर कळवा.